तिसऱ्या हाकेपर्यंत

दर बुधवारी दुपारी आमची चर्चा भरते. भरते असं म्हणायचं एवढंच, प्रत्यक्षात प्रत्येक जण आपापल्या गावात मोबाइलसमोर बसलेला असतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या उपकेंद्रांतल्या नर्सबाई, आरोग्यसेवक, आशाताई, आणि नागपूर-पुण्याकडचे सार्वजनिक आरोग्य शिकणारे विद्यार्थी. मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं, मग सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं, आणि आता एका संस्थेसाठी ही चर्चा चालवते. लिंक पाठवायची, हजेरी घ्यायची, कोणाचा माईक सुरू आणि कोणाचा बंद ते बघायचं. कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. बोरकुटे नागपूरहून जोडले जातात.

मी घरूनच काम करते. आमचं घर चंद्रपूरच्या कडेला आहे. मागच्या दाराबाहेर कपडे वाळत घालायची तार, तिच्यापुढे पडकी भिंत, आणि भिंतीपलीकडे बाभळी आणि वीजकेंद्राच्या राखेचे ढीग. तिकडून कधीकधी वाघ येतो. माझी आई खुर्शीदा, म्हणजे अम्मी, पाहुण्यांना सांगते, "कचरे की गाड़ी का भरोसा नहीं, शेर बराबर आता है."

अशा चर्चेत सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य म्हणजे "ऐकू येते का?" जंगलातल्या गावांत नेटवर्क येतं-जातं. बोलणाऱ्याला आपण एकटेच बोलतोय की काय अशी शंका येते, आणि तो विचारतो. कोणीतरी लगेच म्हणतं, "हो, येते." यात विचार नसतो. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसं ते असतं.

उन्हाळ्यात आम्ही वन्यप्राण्यांच्या हल्ल्यातले मृत्यू हा विषय घेतला. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत माणसं पहाटे जंगलात जातात आणि मरतात. मृत्यू झाला की आमच्यापैकी कोणीतरी त्या घरी जातं, नातेवाइकांना शांतपणे विचारतं, जखमांची नोंद बघतं, आणि बुधवारी ती केस मांडतं. मृताचं नाव सांगायचं नाही, हा नियम. दर चर्चेच्या सुरुवातीला मी एका जखमेचा फोटो दाखवायचे, शेजारी पारदर्शक पट्टी ठेवलेली, आणि सगळ्यांनी चॅटमध्ये ओळखायचं, कोण चावलं. दोन सुळ्यांच्या खुणांमधलं अंतर मोजायला मी शिकवलं होतं. माणसाचं साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, बिबट्याचं थोडं जास्त, वाघाचं पाच-साडेपाच. उत्तरं भराभर यायची. बिबट. अस्वल. कुत्रा. लोकांना हा भाग आवडायचा, आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्या बुधवारी केस मांडणार होता गोपाल, कोसमघाटचा आरोग्यसेवक. मूलच्या पुढे भाताच्या बांध्या संपतात आणि जंगल लागतं, तिथलं हे गाव. त्याची बायको पुनम त्याच उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी. पुनम माझी मैत्रीण. प्रशिक्षणासाठी चंद्रपूरला आली की आमच्याकडे उतरायची, अम्मीला अम्मीच म्हणायची आणि तिच्या हातचा खिमा नको म्हणत म्हणत दोनदा घ्यायची. चर्चेला ती दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसायची, नाहीतर आवाज घुमतो.

"गोपालभाऊ, माईक सुरू करा."

"सुरूच आहे मॅडम. तोंड बंद होतं. जेवून राह्यलो होतो."

"तासभर झाला जेवून राह्यला हा," दुसऱ्या चौकटीतून पुनम म्हणाली. "काम सांगतलं की याले भूक लागते."

"वांगे तू केले, तर चावाले टाइम लागनच ना."

पन्नास-साठ चौकटींत माणसं हसली. मग गोपालनं केस मांडली. मृत स्त्री, वय साठच्या पुढे, पहाटे मोहफुलं वेचत होती. खाली वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसत असावा. चावा मानेच्या मागून. मणका तुटलेला. शरीर ओढत नाल्यापर्यंत नेलेलं, उजवी मांडी आणि नितंब खाल्लेले. टोपली जागेवरच होती, भरलेली, सांडलेली नाही.

"टोपली काऊन नाई सांडली, याचं उत्तर माह्यापाशी नाई," गोपाल म्हणाला. "तिचा बुडा सांगते की तिनं आधी खाली ठेवली असन. म्हणजे तिले काहीतरी आयकू आलं असन, आणि मंग..."

इथे लाइन तुटक झाली. गोपालचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, जवळून, अगदी स्वच्छ.

"आयकू येते का, बापू?"

बोलणाऱ्याच्या चौकटीला हिरवी कड येते. मी शोधली. कोणाच्याच चौकटीला नव्हती.

"हाव बाई, येते," गोपाल म्हणाला. "बोला."

कोणी बोललं नाही. एखाद्या आशाताईचा माईक चुकून सुरू राहिला असेल असं मी धरलं आणि सगळ्यांचे माईक बंद केले. पुनमची चौकट बघितली तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. गॅसवर काहीतरी राहिलं असेल, असंही मी धरलं.

शुक्रवारी गोपाल मेला.

त्या दिवशी मी कामासाठी मूललाच होते; फोन आला आणि मी पोचले तेव्हा तो अजून रस्त्याच्या कडेला होता. भर दुपार, डांबर मऊ झालेलं. तो मोटारसायकलवरून क्षयाच्या एका रुग्णाला गोळ्या द्यायला निघाला होता. गाडी आडवी पडली होती आणि बंद झाली नव्हती. मागचं चाक हळूहळू फिरत होतं, आणि ते बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. हेल्मेटला चार भोकं होती, दोन वर, दोन खाली. वाघानं हेल्मेटसकट डोकं तोंडात धरलं होतं आणि दाबलं होतं. काच फुटली नव्हती. काचेच्या आतून ती लाल आणि पांढरी झाली होती, आणि त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

वाघ गेला तेव्हा गाव आलं, आणि गावानंतर वनरक्षक आला. तो एकटाच होता, विशी-बाविशीचा. त्यानं काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. पहिली काठी त्याच्या कानावर बसली. मग ज्याच्या हातात जे होतं ते. बैलगाडीच्या उभारीनं त्याच्या कोपरावर मारलं तेव्हा हात उलट्या बाजूला वाकला, आणि त्यानंतरही मारणं थांबलं नाही. माणसं ओरडत नव्हती. धान झोडताना असतात तशी चूप होती, दमून श्वास घेत होती, आणि मारत होती.

त्यांना बाजूला केलं ते पुनमनं. ती गोपालजवळ बसली होती, तिथून उठली, गर्दीत शिरली, आणि त्या पोराला काखेत धरून उपकेंद्रात घेऊन गेली. मी तिच्या मागे होते. तिनं त्याच्या कोपराला फळी बांधली, कानाची जखम धुतली. तिच्या ओढणीवर गोपालचं रक्त होतं, ते वाळून काळं झालं होतं, आणि त्यावर आता याचं ताजं लागत होतं.

"मले मारा पण आयका, म्हणत होतो मी बाई," तो पोरगा म्हणाला. "रोज सांगतो यायले, या रस्त्यानं नका जाऊ."

"चूप राय," पुनम म्हणाली. "हात नको हलवू."

पुढच्या बुधवारची चर्चा रद्द झाली. नंतरच्या चर्चेत गोपालला श्रद्धांजली वाहायची होती, म्हणून त्याच्या बोलण्याचा एखादा तुकडा शोधायला मी त्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. लाइन तुटक झाल्याचा भाग आला. मग शांतता. त्या शांततेत पंख्याची घरघर ऐकू येत होती, म्हणजे रेकॉर्डिंग चालू होतं. मग गोपाल म्हणाला, "हाव बाई, येते. बोला."

प्रश्न नव्हता. मी आवाज वाढवून पुन्हा ऐकलं. आवाजाची रेघ संगणकावर मोठी करून पाहिली. उत्तराआधी ती सपाट होती. मी त्या दिवशीच्या चार जणांना फोन केला. चौघांनाही म्हातारी बाई आठवत होती.

मी कोसमघाटला गेले. गोपाल पडला त्या जागी दगडांचा ढीग झाला होता. येणारा-जाणारा न बोलता एक दगड ठेवून जातो, तशी रीत आहे. वाघानं नेलेल्या माणसाच्या जागेवर ठेवतात. मीही एक ठेवला. थोड्या अंतरावर, नाल्याकडे, दुसरा ढीग होता, जरा जुना.

पुनम उपकेंद्रात काम करत होती. मी तिला रेकॉर्डिंगबद्दल सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"ते बायनाबाई होती," ती म्हणाली. "गोपालनं मांडलेली केस. तिची तेरवी झाली नव्हती तवा. मी तिले दर महिन्याले बीपीच्या गोळ्या द्यायची. मी तिचा आवाज वळखते. म्हणून तर उठून पळाली ना मी, त्या खोलीत जाऊन त्याचं तोंड दाबाले. तवरिक त्यानं ओ देली होती."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"आमच्या इथी, वाघानं नेलेल्याची तेरवी होतपर्यंत कोनी पहिल्या हाकेले ओ देत नाई. दुसरीलेही नाई. जिवंत माणूस तिसऱ्यांदा हाक मारते. मेलेला दोनदाच मारू शकते. गोपालले मालूम होतं हे. लहानपणापासून मालूम होतं. रानात असता तर त्यानं ओ देली नसती." तिनं टेबलावरचा मोबाइल उलटा ठेवला. "पण इथी कोनी विचारलं की आपण हाव म्हणतोच ना. सवय झाली."

"दोनदाच का?"

"काऊन म्हणजे? मी नर्सिंग केलं नाजिया. मले काय मालूम."

मग तिनं मला सांगितलं की गोपालची केस ती स्वतः मांडणार. तालुक्याला कोणीतरी तोंडी सांगितलं होतं की तो मोहाची पिऊन जंगलात शिरला होता. असे मृत्यू तपासणाऱ्या समितीची बैठक गुरुवारी सकाळी होती. बुधवारच्या चर्चेत जे ठरेल ते बोरकुटे सर तिथे ठेवणार होते. गोपालची तेरवीही गुरुवारीच होती.

"एक आठवडा थांबू," मी म्हटलं.

"मंग तो दारुडाच राहीन कागदावर. त्याच्या खिशात गोळ्या होत्या. मी काढल्या खिशातून. दुसऱ्या कोनाले कसं समजन?"

"मग मी येते. तुझ्याजवळ बसते."

"माहं तोंड दाबाले?"

"हो."

ती पहिल्यांदा थोडी हसली. "हात धुऊन ये मंग."

बुधवारी मी सकाळीच पोचले. तयारी मी नीट केली होती. सगळ्यांना आदल्या दिवशी निरोप पाठवला होता की या वेळी आवाजाबद्दल काहीही विचारायचं झालं तर चॅटमध्ये लिहा, बोलू नका. बोरकुटे सरांना फोन करून वेगळं सांगितलं. कारण म्हणून नेटवर्कचं नाव घेतलं. लॅपटॉपचा माईक मी सांभाळणार होते, पुनम बोलेल तेवढाच वेळ सुरू. टेबलावर एक वेगळा रेकॉर्डरही ठेवला. आवाज आला तर तो कुठून येतो ते मला जाणून घ्यायचं होतं.

खोलीला एक जाळीची खिडकी होती आणि अंगणात उघडणारं एक दार. अंगणाच्या टोकाला सिमेंटची पाण्याची टाकी आणि तिला नळ. अलीकडे कडुलिंबाखाली दोन आशाताई लसींचे डबे घेऊन बसल्या होत्या, गप्पा मारत. ऊन पांढरं होतं. आम्ही एकाच इअरफोनची एकेक बोंडी कानात घातली, शाळेतल्या मुलींसारखी.

पुनमनं केस मांडली. मृत पुरुष, वय एकतीस. चावा डोक्यावर, हेल्मेटसकट. सुळ्यांमधलं अंतर तिनं हेल्मेटवरच मोजलं होतं. कवटीचं वर्णन तिनं शिकवल्याप्रमाणे केलं, पुढून मागे, उजवीकडून डावीकडे, एकही शब्द न गाळता. तिचा आवाज हलला नाही. शेवटी म्हणाली, "मृत व्यक्ती कामावर होती. दारू घेतलेली नव्हती. क्षयरुग्णाच्या गोळ्या शर्टाच्या खिशात होत्या. एवढी नोंद व्हावी ही विनंती."

मी माईक बंद केला. चॅटमध्ये प्रश्न येऊ लागले. एका विद्यार्थ्यानं वेळ विचारली. एकीनं नुसते जोडलेले हात पाठवले.

मग चित्र थांबलं. सगळ्या चौकटींतले चेहरे होते तसे राहिले, काहींचे डोळे अर्धे मिटलेले.

"पुनम, आयकू येते का?"

गोपालचा आवाज. तोंडात घास असावा तसा.

मी तिच्याकडे पाहिलंही नाही, आधी हात तिच्या तोंडावर दाबला. तिचं सगळं अंग पुढे गेलं होतं. तिचा श्वास माझ्या तळव्यावर गरम लागत होता. दुसऱ्या हातानं मी तिचं डोकं माझ्या खांद्याशी धरलं. हिरवी कड कुठेच नव्हती.

"पुनम..." दुसरी हाक सुरू झाली.

ती मान हलवू लागली.

"आयकू येते का?"

तिनं चावा घेतला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याची कड पूर्ण तोंडात घेऊन. दात मांसातून खाली गेले आणि हाडाला लागले ते मला कळलं. माझ्या डोळ्यांसमोर काळं झालं. मी हात काढला नाही. तिच्या घशातून आवाज येत होता, शब्द नव्हते, आणि माझं रक्त तिच्या हनुवटीवरून टेबलावर पडत होतं. अंगणात आशाताई कशावर तरी हसल्या.

आम्ही वाट पाहिली.

तिसरी हाक आली नाही.

पुनमचा जबडा सैल झाला. तिचे खांदे खाली आले. ती रडत होती, पण आता नेहमीसारखं, माणूस रडतो तसं. मी हात काढून घेतला. पडद्यावरचे चेहरे हलायला लागले, चॅट सुरू झालं, आणि बोरकुटे सर नागपूरहून सवयीनं म्हणाले,

"पुनमताई, ऐकू येते का?"

त्यांच्या चौकटीला हिरवी कड होती. ते स्वतःच होते. मी चर्चेच्या रेकॉर्डिंगमध्येही नंतर तपासलं, त्यांचं वाक्य आहे.

"हाव," पुनम डोळे पुसत म्हणाली. "आयकू येते."

माईक बंद होता. तिचं उत्तर चर्चेत कोणालाही गेलं नाही. ते खोलीतच राहिलं, त्या दोन हाकांजवळ.

तिनं माझा हात पाहिला.

"अगं माय, हे मी केलं?"

"काही नाही. होऊ दे."

"काही नाई कसं? चावा आहे, वाहत्या पाण्याखाली धुवा लागते. आतल्या नळाले पाणी नाई. थांब, बादली आणते."

"पुनम, नको जाऊ बाहेर."

"दोनदा झालं ना नाजिया. झालं आता." तिनं कोपऱ्यातली बादली उचलली. "आणि आशा बसल्या आहेत ना तिथी, दिसत नाई का?"

दार उघडलं तेव्हा उन्हानं माझे डोळे दिपले. ती अंगण ओलांडून गेली. जाताना आशाताईंना काहीतरी म्हणाली, त्यांनी उत्तर दिलं. तिनं बादली नळाखाली ठेवली. नळ सुरू करायला ती वाकली, आणि पाणी आलं.

वाघ धावत आला नाही. तो टाकीच्या मागेच होता.

तो उभा राहिला, आणि टाकीच्या कडेवरून त्यानं तिच्या मानेवर तोंड ठेवलं. ओली फांदी मोडते तसा आवाज झाला. एकदाच.

तिचे हात नळावरून सुटले नाहीत. त्यानं ओढलं तेव्हा सुटले.

एका आशाताईनं लसीचा डबा त्याच्या अंगावर फेकला. डबा त्याच्या बरगड्यांवर बसला, उघडला, बर्फाच्या थैल्या अंगणभर पसरल्या. त्यानं तिकडे पाहिलं नाही. त्यानं पकड बदलली, खांदा धरला, आणि हात खांद्यापासून निघाला तेव्हा तो खाली टाकून पुन्हा मान धरली.

मी दारात उभी होते. मी दगड उचलला होता, तो माझ्या हातातच होता.

तिला घेऊन तो अंगणाच्या भिंतीवरून गेला. नळ वाहत राहिला. बादली भरली आणि वरून सांडू लागली, आधी लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ.

माझ्या मागे, खोलीत, इअरफोनची बोंडी टेबलावर पडली होती. तिच्यातून बारीक आवाज येत होता. कोणीतरी विचारत होतं, ऐकू येते का. पुन्हा विचारत होतं.

समितीनं गोपालची नोंद तो कामावर असल्याची केली. हे मला बोरकुटे सरांनी दुसऱ्या दिवशी कळवलं.

रेकॉर्डरमध्ये माझं कण्हणं आहे, खुर्चीचा आवाज आहे, आशाताईंचं हसणं आहे, आणि पुनमचं "हाव". सरांचा प्रश्न त्यात नाही, कारण तो इअरफोनमध्ये आला होता. बाकीचंही काही नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं माझा हात धुतला. चावा शिवत नाहीत, उघडा ठेवतात. त्यानं इंजेक्शनं दिली आणि विचारलं,

"तुमच्यावरही आला होता का?"

"नाही," मी म्हटलं. "हा माणसाचा आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं, आणि वरून सैल बँडेज बांधलं.

घरी आल्यावर बँडेज सोडून मी माझी पारदर्शक पट्टी जखमेवर ठेवली. एका खुणेपासून दुसरीपर्यंत. सूज धरून, सूज सोडून, दोन्ही प्रकारे मोजलं. पाच पूर्णांक चार दशांश सेंटिमीटर.

पुनमचे दात मी पाहिले आहेत. तिचा एक सुळा जरा आत वळलेला होता, फोटोत ती ओठ मिटून हसायची.

आज पुन्हा बुधवार होता. पुनमची तेरवी अजून व्हायची आहे. केस मांडायला मी नकार दिला, सर मांडणार होते. मी फक्त सुरुवातीचा फोटो देते म्हणाले. लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद ठेवला. इअरफोन मी घरात ठेवलेलेच नाहीत, शेजारच्या अकरमला देऊन टाकले. चर्चा सुरू झाली तेव्हा मी पडद्यावर माझ्या हाताचा फोटो लावला, शेजारी पट्टी, आणि खाली नेहमीचाच प्रश्न लिहिला. कोणाचा हात ते सांगितलं नाही.

उत्तरं भराभर आली. वाघ. वाघ. वाघ. पुण्याच्या एका विद्यार्थिनीनं लिहिलं की अंतर पाहता पूर्ण वाढ झालेला असावा. खाली पुन्हा, वाघ. वाघ. कोणीही दुसरं काही लिहिलं नाही.

"नाजिया," अम्मीचा आवाज आला. "तेरे कंप्यूटर का आवाज कम कर. बाहर तक आता है."

"आवाज बंद आहे अम्मी," मी मराठीतच म्हटलं. दिवसभर मराठीत काम केलं की तसं होतं.

"बंद कैसे? वो लड़की अभी पूछ रही थी. 'अम्मी, आयकू येते का?' अपनी पुनम जैसा ही बोलती है. कौन है?"

मी पडद्याकडे पाहत होते. आवाजाच्या चिन्हावर तांबडी रेघ होती.

"तू काय म्हणालीस?"

"क्या बोलती? बेचारी पूछ रही थी, तो बोल दी, हाँ बेटा, आता है."

"अम्मी, तू कुठे आहेस?"

"कहाँ रहूँगी? कपड़े उठा रही हूँ."

तिचा आवाज मागच्या खिडकीतून येत होता. मग तार हलल्याचा आवाज आला, आणि चिमटे फरशीवर पडले.

पडद्यावर, जिथे नेटवर्क कमी आहे त्या गावांमधली उत्तरं अजून एकेक करून पोचत होती. वाघ. वाघ.